उतारवयातील तोल आणि पावलांचे बळ
(ज्येष्ठांच्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



घरातील वडीलधारी व्यक्ती तोल जाऊन पडली की कुटुंबाचा पहिला उद्गार ठरलेला असतो, "आता हिंडू-फिरू नका, एका जागी बसून राहा." या उद्गारामागे माया असते, परंतु शरीराचा नियम या मायेला अनुकूल नाही. जो अवयव वापरला जात नाही तो क्षीण होतो आणि क्षीण पाऊल पुढच्या पडण्यास निमंत्रण देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राण गमावतात आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांची संख्या सर्वाधिक असते.

मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे व ३३ सांधे असतात. टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ या तीन बिंदूंवर पाऊल टेकलेले असते. तळव्यातील लहान स्नायू पावलाची कमान तोलून धरतात, बोटे जमीन पकडतात आणि तळव्याची त्वचा जमिनीचा उंचसखलपणा क्षणोक्षणी मेंदूला कळवते. वयाबरोबर स्नायूंची शक्ती घटते, घोटा ताठर होतो, संवेदना मंदावते. मंदिराच्या पायरीशी चपला काढताना माणूस क्षणभर एका पायावर उभा राहतो, त्या वेळी या उणिवा एकदम उघड्या पडतात.

ही झीज अटळ असली तरी तिच्यावर उपाय आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पावलांच्या दुखण्याने त्रस्त अशा ६५ वर्षांवरील ३०५ व्यक्तींचा अभ्यास झाला व तो २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या व्यक्तींना नेहमीच्या उपचारांखेरीज योग्य पादत्राणे, आतील आधारपट्ट्या आणि आठवड्यातून तीनदा अर्धा तास पाऊल-घोट्याचे व्यायाम देण्यात आले. वर्षभरात या गटात पडण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळले. यातील श्रेय एकट्या व्यायामाचे नव्हे, ते सर्व उपायांचे मिळून आहे, हे ध्यानी घ्यावे.

व्यायाम घरी करता येण्याजोगे आहेत. खुर्चीवर बसून जमिनीवर पसरलेला पंचा पायाच्या बोटांनी जवळ ओढावा. बोटे एकमेकांपासून फाकवावीत व पुन्हा जुळवावीत. ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा सावकाश उचलाव्यात आणि तितक्याच सावकाश टेकवाव्यात. त्याच आधाराने एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याचा सराव करावा. भिंतीलगत, एका पावलाच्या बोटांपुढे दुसऱ्याची टाच ठेवीत काही पावले चालावे. प्रारंभी घरातील कोणी जवळ असावे. ज्यांना चक्कर येते, अलीकडे हाड मोडले आहे अथवा शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय आरंभ करू नये.

शाकाहारी समाजाने आणखी एका गोष्टीकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. जीवनसत्त्व बी-१२ वनस्पतिजन्य अन्नातून जवळजवळ मिळत नाही. दुधातून काही प्रमाणात मिळते. त्याच्या अभावाने पायांना मुंग्या येतात, बधिरता येते आणि तोल ढळतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत हा अभाव अधिक आढळतो. साधी रक्ततपासणी केल्यास तो कळतो व गोळ्या किंवा इंजेक्शनने भरून काढता येतो. मधुमेहामुळेही तळवे बधिर होतात. अशा व्यक्तींनी अनवाणी फिरणे टाळावे, रोज तळवे पाहावेत आणि लहानशी जखमही उपेक्षू नये.

पादत्राण टाच धरून ठेवणारे, पुढे रुंद आणि न घसरणाऱ्या तळाचे असावे. न्हाणीघरात धरण्यास दांडी बसवावी, रात्री वाटेत दिवा असावा, दुमडणारी सतरंजी उचलावी. या सर्वांचा खर्च एका शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे नगण्य आहे.

आणि युवकांसाठी एवढेच, की वृद्ध माता-पित्यांना "बसून राहा" असे सांगण्याऐवजी "चला, सोबत येतो" असे म्हणावे. रोज सायंकाळी अर्धा तास हात धरून त्यांच्यासोबत चालणे, ही त्यांच्या स्वावलंबनाची खरी सेवा होय.

जय जिनेंद्र.