जंतूंना फोडणारे आणि मग विरून जाणारे पॉलिमर
(गणेशोत्सवातील भाषण)



आरती झाल्यावर, जेवणाआधी रसायनशास्त्र ऐकायला बसलात, त्याबद्दल आधीच आभार मानतो.

माझी सारी नोकरी रंगाच्या कारखान्यात पॉलिमर बनवण्यात गेली. औषधांकडे वळलो तो वडिलांमुळे. २०१६ मध्ये नाना इथे बंगळुरूला आमच्याकडे होते. मधुमेह, त्यात पायाला जखम. पुवाच्या तपासणीचा रिपोर्ट आला. चौदा अँटिबायोटिक्सची नावे, त्यांपैकी बारांपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट. अंगठा काढावा लागला. नाना म्हणाले, "अरे, नऊ बोटांवरही माणूस चालतो." मला मात्र तो कागद विसरता येईना.

नेहमीचे अँटिबायोटिक जंतूतला एखादा ठरावीक भाग अडवते. जंतूने तेवढा भाग बदलला की औषध निकामी. फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच हा इशारा दिला होता. २०१९ या एका वर्षात अशा प्रतिकारामुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे.

पॉलिमरची तऱ्हा वेगळी. जंतूच्या आवरणावर ऋण भार असतो, आपल्या पेशीच्या बाहेरच्या बाजूला तो फारसा नसतो. म्हणून धन भाराची साखळी जंतूलाच चिकटते, तिचा तेलकट भाग आवरणात घुसतो आणि आवरण फाटते. अख्खे आवरण बदलणे जंतूला सोपे नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील आयबीएमचे जेम्स हेड्रिक आणि सिंगापूरच्या यी-यान यांग यांच्या गटांनी असे पॉलिकार्बोनेटचे सूक्ष्म कण एमआरएसए या चिवट जंतूवर चालवून दाखवले. संगणकाची कंपनी यात कशी, असे मलाही वाटले. पण चिप बनवायलाही पॉलिमर लागतातच!

आता 'विरून जाणारे' का? काम झाल्यावर साखळी शरीरात साचून राहिली तर ते नवे दुखणे. शाडूची मूर्ती पाण्यात विरते, प्लास्टरची तशीच पडून राहते, हे आपल्याला विसर्जनानंतर तलावावर दिसतेच. हे पॉलिकार्बोनेट शाडूच्या जातीचे. निसर्गानेही असे पॉलिमर केले आहे. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळणारे पॉलिलायसिन जपानमध्ये अन्न टिकवायला वापरतात.

खरी अडचण तोल साधण्याची आहे. तेलकटपणा थोडा वाढला की हीच साखळी आपल्या तांबड्या पेशीही फोडते. रंगात प्रमाण चुकले तर भिंत खराब होते, इथे माणूस जातो. म्हणून गोळी किंवा इंजेक्शन म्हणून हे पॉलिमर अजून दुकानात आलेले नाहीत. आपल्याच शहरात, जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये प्रा. जयंत हलदार यांचा गट अशा रेणूंवर काम करतो आहे. आपली मुले विज्ञान शिकत असतील तर त्यांना हे जरूर सांगा.

नानांच्या त्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत आणली आहे. पाहायची असेल तर प्रसादाच्या वेळी माझ्याकडे मागा.