उपचाराचा अर्धा भाग घरी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत बालविकास विभागातर्फे केलेले भाषण)



अमरावती व अकोला जिल्ह्यांतून येणाऱ्या पालकांकडून आम्ही एक वाक्य नेहमी ऐकतो : “याचे वडीलही उशिराच बोलू लागले, म्हणून थांबलो.” काही मुले पुढे आपोआप बोलतात, हे खरे. परंतु कोणते मूल मागे राहील, हे वाट पाहून नव्हे, तपासून ठरवावे. पहिल्या तीन वर्षांत मेंदूची वाढ झपाट्याने होते आणि नेमका तोच काळ थांबण्यात जातो.

चार महिने उलटूनही मान न धरणारे, नऊ महिन्यांचे होऊनही आधाराशिवाय न बसणारे, वर्षाचे झाल्यावरही नावाने हाक मारली असता न वळणारे, दीड वर्षाचे होऊनही न चालणारे मूल तपासणीस आणावेच. आलेले शब्द मूल विसरू लागले, तर मुळीच थांबू नये. अपुऱ्या दिवसांचे, जन्मतः न रडलेले किंवा तीव्र कावीळ झालेले बाळ लक्षणे नसली तरी वेळोवेळी दाखवावे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. विकासातील विलंब हा त्यातील चार मुख्य विषयांपैकी एक होय. पथकाने दिलेली चिठ्ठी घरात पडून राहू नये.

मात्र चिठ्ठीपासून उपचारापर्यंतची वाट लांब आहे. धारणीहून अमरावतीस यायचे, तर मेळघाटाचा घाट उतरावा लागतो. तेल्हाऱ्याहून अकोल्यास येणाऱ्या आईची कापूस वेचणीची मजुरी बुडते. तिला “आठवड्यातून तीनदा या” म्हणणे हे उपचार नाकारण्यासारखेच आहे. म्हणून आईला बाहेर बाकावर बसवून मुलावर उपचार करणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. आई, वडील, आजी यांना शेजारी बसवून एका वेळी एकच कृती शिकवावी, त्यांच्या हातून करवून घ्यावी आणि पुढील भेटीत तेथूनच पुढे जावे. छातीखाली गोधडीची गुंडाळी ठेवून बाळाला पालथे खेळवणे, वाटी हाती देण्यापूर्वी मुलाने नजरेने वा हाताने मागावे म्हणून क्षणभर थांबणे, आंघोळ घालताना हातापायांची नावे घेणे, यास खर्च येत नाही. कोरकू घरात हे बोलणे कोरकूतच व्हावे.

प्रत्येक मुलाचा विलंब यातून भरून निघेल, असे आश्वासन आम्ही देत नाही. परंतु तहान लागल्याचे सांगता येणे, स्वतःच्या हाताने घास घेता येणे, हेही त्या घराला फार मोठे असते.

वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना मायेचे घर दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्यांना स्वतःचे घर आहे, त्या मुलांच्या घराचे हात बळकट करणे हे आपले काम आहे. यंत्रसामग्रीस उदार देणगी देणाऱ्या दात्यांना आमची विनंती, की या मातांच्या एस.टी. भाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचाही विचार व्हावा.