मेलेली बुरशी कामाला येते



पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर बुरशी येते. लोणच्यावरही येते. आपण ती फेकून देतो, आणि ते बरोबरच आहे. पण बुरशी मेल्यावर एका मोठ्या कामाला येते. ते काम आज सांगतो.

पाणी उकळले की शुद्ध झाले, असे आपण मानतो. उकळल्याने पटकीचे, हगवणीचे जंतू मरतात, हे खरे. पण पाण्यात शिसे असेल तर ते मरायचे कसे? त्याला जीवच नाही. पाणी आटते, शिसे तेवढेच राहते. त्याला वास नाही. लहान मुलांच्या मेंदूला ते फार वाईट. म्हणून आपल्याकडे पिण्याच्या एक लिटर पाण्यात ०.०१ मिलिग्रॅमच्या वर शिसे चालत नाही.

हे येते कुठून? जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवतात, तिथून. मुलामा देण्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यात जस्त, निकेल, क्रोमियम असते.

आता बुरशीकडे येऊ. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारने पेनिसिलिनचा कारखाना काढला. हे औषध बुरशीपासूनच होते. टाक्यांत बुरशी वाढवायची, औषध काढून घ्यायचे. मागे उरतो चोथा. अशा कारखान्यांतून तो ढिगाने निघतो. शास्त्रज्ञांनी अशी मेलेली बुरशी शिशाच्या पाण्यात टाकून पाहिली. १९९३ साली छापून आलेल्या एका प्रयोगात एक ग्रॅम बुरशीने ११६ मिलिग्रॅम शिसे धरले. म्हणजे आपल्या वजनाच्या नवव्या हिश्श्याइतके!

धरते कशी? कापसाची गाडी बाभळीखालून गेली की काट्यांना कापूस लटकतो ना, तसेच. बुरशीच्या अंगावर धातू अडकण्याच्या जागा असतात. बुरशी मेली तरी त्या राहतात. उलट मेलेलीच बरी. तिला खायला घालावे लागत नाही, अन् विषाने ती आणखी काय मरणार! पातळ तेजाबाने धुतली की धातू सुटतो, बुरशी पुन्हा वापरता येते.

पण हे काम कारखान्याच्या सांडपाण्याचे. घरच्या माठात बुरशी कोणी टाकू नका, आजारी पडाल. पूर्णाकाठचे खारे पाणीही याने गोडे होत नाही.

विहिरीजवळ असा कारखाना असेल, तर पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. अर्ज आता तुम्हीच लिहू शकता. त्यात “शिसे व इतर धातू तपासावेत” असे स्पष्ट लिहा. नुसते “पाणी तपासा” लिहिले, तर धातूंची तपासणी होईलच असे नाही.