मुलगी मोठी झाली म्हणजे काय झालें?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



माझी मुलगी आतां एकोणीस वर्षांची झाली. भेटेल तो मला सांगतो, "सुतारमामा, मुलगी मोठी झाली बरें!" माझा मुलगा तिच्याहून दोन वर्षांनीं मोठा. त्याच्याविषयीं हेच लोक म्हणतात, "पोरगा हाताशीं आला." एकाच घरचीं दोन लेकरें, एकाच तव्यावरची भाकरी खाऊन वाढलेलीं, पण एक मोठा झाला तर बापाचा हात वाढला, आणि दुसरी मोठी झाली तर बापाची काळजी वाढली! हा हिशेब कोणीं घातला, याचा आज आपणांस विचार करावयाचा आहे.

मी हातानें सुतार आहें, आणि वीस वर्षें सवडीनें कांहीं लिहीत आलों आहें. सुताराला फळी ठोकून पाहण्याची खोड असते, तशी लिहिणाऱ्याला शब्द ठोकून पाहण्याची. म्हणून मुलीविषयींचे आपले शब्द मीं ठोकून पाहिले. आपण काय म्हणतों? मुलगी पाहिली, मुलगी पसंत केली, मुलगी दिली, मुलगी उजवली, मुलगी नांदवली. पाहणारा दुसरा, देणारा दुसरा, नांदविणारा दुसरा! बैलबाजारांत तरी याहून निराळें काय बोलतात? मुलगी स्वतः कांहीं करते असें वाक्य शोधूं गेलें तर एकच हातीं लागतें : मुलगी सासरीं गेली. आणि तेंही रडत रडत.

आतां मुलगी खरोखर कशी वाढते, तें मीं पाहिलें तसें सांगतों. पांच वर्षांची असतांना ती माझ्या सुताचें टोक धरी. गेरूंत भिजवलेलें सूत फळीवर ताणून झटका दिला कीं रेघ उठते, हें येथील कारागिरांना ठाऊक आहे. दुसऱ्या टोकाचा हात हलला कीं रेघ वांकडी. तिचा हात हलत नसे. आठव्या वर्षीं ती माझें लिहिलेलें मोठ्यानें वाचूं लागली आणि अडेल त्या शब्दाचा अर्थ विचारूं लागली. तेराव्या वर्षीं अर्थ विचारणें थांबलें व हुज्जत सुरू झाली. "बाबा, या गोष्टींतल्या बाईला कोणीं कांहीं विचारलेंच नाहीं. तिला काय वाटलें?" शेजारी म्हणाले, पोरगी तोंडाळ झाली. मला वाटलें, माझ्या घरांत एक खरा वाचक तयार झाला. सोळाव्या वर्षीं ती रेशन आणायला गेली. पावतीवरचे किलो आणि पिशवींतले किलो जुळत नाहींत, असें तिनें चारचौघांत वाचून दाखविलें. दुकानदारानें राहिलेले तांदूळ मुकाट्यानें पिशवींत घातले. त्या रात्रीं मी घरांत म्हणालों, आज आपली मुलगी मोठी झाली.

हें कांहीं नवें नाहीं. 1848 सालीं पुण्यांत भिडे वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजांतील मुलीचा निबंध 1855 सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापला गेला. बुलढाण्याच्या बापूजी हरि शिंदे यांनीं आपल्या मुलीस शिकविलें. त्याच ताराबाईंचें 'स्त्रीपुरुष तुलना' हें पुस्तक 1882 सालीं निघालें. जे दोष बायकांच्या माथीं मारतां ते पुरुषांत नाहींत काय, असा रोकडा सवाल त्यांत आहे. बापूजींनीं लेकीच्या अंगावर किती सोनें घातलें, हें आज कोणी विचारीत नाहीं. अक्षर दिलें, तें जवळजवळ दीडशें वर्षें टिकलें आहे.

आतां मुद्द्याच्या गोष्टीकडे वळतों. 1929 च्या कायद्यानें मुलीच्या लग्नाचें वय चौदा ठरविलें. 1978 सालीं तें अठरा झालें. 2005 सालापासून हिंदु वारसा कायद्यानें वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत मुलगी जन्मानेंच मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार आहे. त्या सालीं बाप जिवंत असलाच पाहिजे, ही अडचणही सर्वोच्च न्यायालयानें 2020 सालीं दूर केली. पण कायदा दिल्लींत होतो, आणि सही तालुक्याच्या कचेरींत होते! बाप वारला कीं वारसांचीं नांवें सातबाऱ्यावर चढवावयाचीं असतात. मग बहिणीला बोलावणें जातें. गोडाधोडाचें जेवण होतें, साडीचोळी होते, आणि निघतांना हक्कसोडपत्र पुढें येतें. बहीण तें वाचीत नाहीं. वाचणें म्हणजे भावावर अविश्वास, असें तिला लहानपणापासून शिकविलेलें असतें. एकदां तें पत्र नोंदलें गेलें कीं मागें फिरणें फार कठीण. पुढें नवरा गेला किंवा सासरनें हाकललें, तर जेथें ती मालक होती त्याच दारांत आश्रित म्हणून उभी राहते.

माझी दोन एकर वडिलोपार्जित जमीन आहे. हा विषय घरांत काढला तेव्हां मुलगीच म्हणाली, "बाबा, मला वाटा नको, माहेर असूं द्या." माझे डोळे भरून आले. पण मीं तिला विचारलें, "बाई, वाटा नको पण घर असूं द्या, असें तुझ्या भावाला कधीं म्हणावें लागलें काय?" ती गप्प राहिली. मुलगा जवळच होता. तो जरा वेळानें म्हणाला, "एकेक एकरावर कोणाचें पोट भरणार?"

ही शंका खोटी नाहीं. येथें बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याची ती आहे. पण बंधूंनो, तीन मुलगे असले तर तीन तुकडे आपण पाडतोंच कीं! तेव्हां शेताची दया कोणाला येत नाहीं. नांव दोघांचें असावें, जमीन एकानें कसावी, पिकाचा हिस्सा दुसऱ्यास द्यावा, ही रीत भावाभावांत चालते. ती बहीणभावांत कां चालूं नये? आणि कागद वाचून, आपल्या खुशीनें, बहिणीला भावास कांहीं द्यावयाचें असेल तर तिनें जरूर द्यावें. दान करायला आधीं मालकी लागते.

कोणी म्हणेल, लग्नांत केलेला खर्च हाच मुलीचा वाटा. त्या खर्चांतलें मांडववाल्यानें नेलें, बँडवाल्यानें नेलें, जांवयाच्या गाडीनें नेलें. मुलीच्या नांवावर काय राहिलें, तें दाखवा! हुंडा देणें व घेणें तर 1961 सालच्या कायद्यानेंच गुन्हा ठरलें आहे.

म्हणून माझें मागणें थोडें आहे. मुलीला अठरावें वर्ष पुरें झालें कीं घरचा सातबारा तिच्या हातीं द्या. गट नंबर कोणता, क्षेत्र किती, नांवें कोणाचीं, बोजा कोणत्या सोसायटीचा, हें तिच्याकडून वाचवून घ्या. वाट्याची गोष्ट बाप हयात असतांनाच भाऊ आणि बहीण यांना समोरासमोर बसवून बोला. ती मागें ठेवाल तर तेराव्याच्या पंगतींत भांडण होईल. आणि मुलीला बजावून सांगा, न वाचतां कोठेंही सही करूं नको, खुद्द मीं सांगितलें तरी करूं नको. बापापुढें 'थांबा, आधीं वाचतें' म्हणायला जी शिकली, ती सासरीं, कचेरींत किंवा बाजारांत कोणापुढेंही मान खालीं घालणार नाहीं.