उपचार किती आठवड्यांचा?

(उधवा येथील मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



'एका इंजेक्शनचा खर्च किती?' हा प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो. प्रश्नामागील सद्भावना आम्ही जाणतो. परंतु यकृताच्या विषाणूजन्य आजारात तो अपुरा ठरतो. आम्ही वाणिज्य शाखेचे. दर ठाऊक आणि नग अज्ञात, अशा स्थितीत बिल तयार होत नाही. येथे नग म्हणजे आठवडे, आणि ते विषाणूचा प्रकार व त्याचा औषधाला मिळणारा प्रतिसाद यांवर ठरतात. 'आता बरे वाटते' यावर नव्हे.

इंटरफेरॉनचा शोध 1957 साली लंडन येथे आयझॅक्स व लिंडेनमन यांनी लावला. हे द्रव्य शरीरातून लवकर निघून जात असल्याने आठवड्यातून तीनदा टोचावे लागे. पुढे त्यास पॉलिइथिलीन ग्लायकॉलची जोड मिळाली आणि आठवड्यास एकच इंजेक्शन पुरू लागले. अंतर वाढले, कालावधी मात्र घटला नाही. हिपॅटायटिस सी च्या पहिल्या प्रकारास 48 आठवडे, तर भारतात अधिक आढळणाऱ्या तिसऱ्या प्रकारास 24 आठवडे, सोबत रिबाविरिनच्या रोजच्या गोळ्या, असा प्रघात होता. बाराव्या आठवड्यापर्यंत विषाणूंचे प्रमाण शंभरपटीने उतरले नसेल तर उपचार थांबवीत. यात पैसा बुडाला असे नातेवाइकांस वाटे. वस्तुतः पुढची 36 इंजेक्शने आणि त्यांचा त्रास वाचत असे.

तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर 48 आठवडे म्हणजे जवळजवळ अख्खे वर्ष. भातकापणी आटोपली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. हे औषध 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. भट्टीवर फ्रीज कोठून आणावा? ताप, अंगदुखी, पांढऱ्या पेशींची घट, मनाची खिन्नता यांसाठी वारंवार तपासणीही हवी. शिवाय येथील आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो, आणि रिबाविरिनने तांबड्या पेशी फुटतात.

हे चित्र पालटले. 2015 पासून सोफोसबुविरच्या स्वस्त गोळ्या भारतात मिळू लागल्या आणि 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य झाली. हिपॅटायटिस सी च्या बहुतेक रुग्णांस आता 12 आठवडे, म्हणजे 84 दिवस, पुरतात. यकृत फार बिघडले असल्यास काहींना 24.

याच सुवार्तेतून एक नवा घोटाळा निर्माण होतो. सी असो वा बी, घरी दोहोंना 'कावीळ'च म्हणतात. शेजाऱ्याच्या गोळ्या तीन महिन्यांत संपल्या, मग आमच्याच का चालू, असे बी च्या रुग्णाचे घरचे विचारतात. बी चा विषाणू सहसा शरीरातून पुरता जात नाही. टेनोफोविरसारखी गोळी त्यास दाबून ठेवते, म्हणून ती अनेक वर्षे घ्यावी लागते. मनाने बंद केल्यास आजार उसळून यकृत निकामी होण्याचा धोका असतो. निवडक रुग्णांस आजही दीर्घकाल टिकणारे इंटरफेरॉन देतात, तेही साधारण 48 आठवडे. तेव्हा आपल्या माणसाच्या कागदावर बी आहे की सी, हे कृपया आजच डॉक्टरांस विचारून घ्यावे आणि त्यांच्या सांगण्यावाचून गोळी थांबवू नये.

देणगीदारांस एक विनंती. शासकीय कार्यक्रमात औषध मोफत मिळते, परंतु एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचा दिवस यांची तरतूद कोणत्याच बिलात नसते. आपली देणगी त्यासाठी राखून ठेवावी, असे आम्हांस वाटते. सी च्या रुग्णास तर शेवटच्या गोळीनंतर आणखी 12 आठवड्यांनी, प्रकृती ठणठणीत असली तरी, रक्त तपासण्यास यावे लागते. विषाणू गेला की नाही हे त्याच दिवशी कळते, आणि त्या फेरीचे भाडेही आपल्यालाच जमवायचे आहे.