मार्चअखेरची देणगी



शताब्दीच्या सोहळ्यात हिशेबाचा विषय काहीसा रुक्ष वाटेल. परंतु वाचनालय जसे ग्रंथांवर, तसेच जमाखर्चावरही उभे असते. म्हणून वर्षअखेरीच्या देणगीविषयी व तीवरील प्राप्तिकराच्या सवलतीविषयी थोडे बोलतो.

आपल्याकडील अनेक पेढ्यांचे वर्ष पूर्वी दिवाळीत संपे. वहीपूजन होई आणि धर्मादाय खात्यावर रक्कम पडे. ३१ मार्च १९८९ रोजी संपलेल्या वर्षापासून प्राप्तिकरासाठी सर्वांचेच वर्ष मार्चअखेर संपू लागले आणि दानाची आठवणही मार्चमध्ये होऊ लागली.

१९६१ च्या कायद्यातील ‘८०-जी’ कलम आपल्या परिचयाचे आहे. २०२५ च्या नव्या कायद्यानेही ती सवलत राखली आहे. आपल्यासारख्या मान्यताप्राप्त संस्थेस दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. मात्र अशी देणगी समायोजित उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच हिशेबात धरतात. ३० टक्के दराने कर भरणाऱ्याने १०,००० रुपये दिले, तर ५,००० रुपये वजा होऊन उपकरासह १,५६० रुपये कर वाचतो. उरलेले ८,४४० रुपये त्याच्या पदरचेच.

काही अटी ध्यानात ठेवाव्यात. २,००० रुपयांवरील रोख देणगीस सवलत नाही. ती धनादेशाने अथवा बँकेमार्फत द्यावी. वस्तुरूप देणगीसही सवलत नाही. म्हणजे एखाद्याने जन्मभर जमविलेली दोन कपाटे पुस्तके वाचनालयास दिली, तरी प्राप्तिकराच्या लेखी ती शून्यच. शिवाय संस्थेने मान्यतेचे वेळच्या वेळी नूतनीकरण करून देणगीदाराच्या पॅन क्रमांकासह वार्षिक विवरण दाखल केले नाही, तर त्याची सवलत अडते. चिटणीसांच्या दप्तराची टापटीप हाही देणगीदाराचा सन्मानच होय.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव व निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. पुढे ग्रंथालयांचे कायदेही निराळे झाले. कर्नाटकाचा १९६५ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा. निपाणीची मुले शिकतात ते अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय गावाला लागून असूनही कोल्हापूर जिल्ह्यात मोडते. प्राप्तिकराचा कायदा मात्र केंद्राचा आहे. पुण्यात स्थायिक झालेल्या बेळगावकराने येथील मान्यताप्राप्त वाचनालयास देणगी दिली, तर पुण्यातील संस्थेस दिल्याप्रमाणेच सवलत मिळते. दूर गेलेल्या आपल्या माणसांना हे आवर्जून कळवावे.

परंतु केवळ सवलतीवर विसंबणे धोक्याचे आहे. २०२३-२४ पासून नवी करपद्धती मूळ पद्धत ठरली असून तीत ही वजावट नाही. ज्या तरुण नोकरदारांनी ती स्वीकारली आहे, त्यांच्याकडे पावतीपुस्तक घेऊन जाताना कलमाचा आधार मिळणार नाही. वर्षभरात कोणती पुस्तके घेतली, किती मुले अभ्यासिकेत बसली, हेच त्यांना दाखवावे लागेल.

१९०६ साली निवर्तलेल्या शिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी आपली संपत्ती शिक्षणकार्यासाठी ठेवली, तेव्हा दात्यास कर वाचवून देणारे कलम नव्हते. ज्यांना आज सवलत मिळते त्यांनी ती अवश्य घ्यावी आणि वाचलेल्या करातून शक्य तर आणखी एखाद्या वाचकाची वर्गणी भरावी. ज्यांना मिळत नाही, त्यांच्यासाठीही वाचनालयाचे दार आणि देणगीचे पावतीपुस्तक दोन्ही उघडी आहेत.