परिमाण आधी, बाजार नंतर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मिरकरवाडा येथे दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात आठवड्याच्या किराणा-भाजीच्या खर्चावर व्याख्यान ठेवावे, हे काहींना थोडे किरकोळ वाटले असेल. परंतु घर हीदेखील एक संस्था आहे. तिचे अंदाजपत्रक वर्षातून एकदा नव्हे, तर दर आठवड्याला मांडावे लागते आणि ते मांडणारी व्यक्ती बहुतेक वेळा कोणत्याही व्यासपीठावर बसलेली नसते. तिच्या कामाला आज येथे स्थान दिल्याबद्दल मी संयोजकांची ऋणी आहे.

प्रथम एक प्रश्न. हिशेब आठवड्याचाच का, महिन्याचा का नको? याचे उत्तर आपल्या मिरकरवाड्याच्या बंदरातच आहे. येथील पैसा बोटींबरोबर येतो आणि बोटींबरोबर थांबतो. 1 जून ते 31 जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत बंदरावरची उलाढाल मंदावते, उधारी वाढते आणि दुकानाच्या गल्ल्यात रोख कमी पडते. मासळीशी ज्यांचा काही संबंध नाही, अशा घरांनाही ही ओढ जाणवते. उत्पन्न असे चढउताराचे असले, की महिन्याचा अंदाज पंधरा तारखेलाच कोलमडतो. आठवड्याचा अंदाज मात्र चुकला तरी पुढच्याच आठवड्यात सावरता येतो.

आता जैन स्वयंपाकघराकडे वळू. बाजाराच्या दृष्टीने पाहिले तर हे स्वयंपाकघर महाग वाटते. इतर घरांत भाजी कडाडली की कांदा-बटाट्यावर निभावून नेतात. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात तो मार्ग नाही. चातुर्मासात अनेक कुटुंबे पालेभाजीही सोडतात. रात्रीचे उरलेले सकाळी चालत नसल्यामुळे शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा फोडणीचा भात हा इतर मराठी घरांतला हमखास उपाय येथे उपयोगी पडत नाही. थोडक्यात, काटकसरीच्या तीन प्रचलित वाटा आपल्यासाठी बंद आहेत.

तथापि ज्या नियमांनी या वाटा बंद केल्या, त्याच परंपरेने एक चौथी वाट दाखवली आहे. ती म्हणजे परिमाण. भोगोपभोग परिमाणात काय आणि किती वापरायचे हे आधी ठरते. ऊणोदरीत भुकेपेक्षा थोडे कमी वाढून घेणे येते. या व्रतांच्या आध्यात्मिक अर्थाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु त्यांची रीत, म्हणजे वस्तू समोर येण्यापूर्वी मर्यादा ठरवणे, ही घरखर्चाच्या शास्त्रातील सर्वांत प्रभावी रीत आहे, एवढे मी खात्रीने सांगू शकते. बाजारात उभे राहून केलेली काटकसर फार काळ टिकत नाही. घासाघीस करून पाच रुपये वाचवायचे आणि यादीत नसलेली पन्नास रुपयांची वस्तू पिशवीत टाकायची, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

मग हे परिमाण किती असावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रौढ व्यक्तीच्या सुमारे 2000 उष्मांकांच्या दैनिक आहारासाठी धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्ये 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, दूध 300 मिलिलिटर आणि तेल-तूप 27 ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. चार माणसांच्या घरासाठी आठवड्याचा हिशेब मांडला तर धान्य 7 किलो, डाळी-कडधान्ये सुमारे 2 किलो 400 ग्रॅम, भाज्या सुमारे 11 किलो, दूध 8 लिटर 400 मिलिलिटर आणि तेल-तूप मिळून सुमारे 750 ग्रॅम होते. वय, कष्ट आणि प्रकृतीनुसार यात फरक पडेल. तरीही आज घरी गेल्यावर आपला मागच्या आठवड्याचा खर्च या पाच आकड्यांशी ताडून पाहा. तेल या मापाहून जास्त आणि डाळ या मापाहून कमी, असे चित्र अनेक घरांत दिसेल.

येथेच माझ्या भाषणाचा मुख्य मुद्दा येतो. खर्च कमी करायचा म्हणजे नेमके काय कमी करायचे? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे आकडे बोलके आहेत. 1999-2000 मध्ये शहरी कुटुंबाच्या मासिक खर्चापैकी सुमारे 48 टक्के वाटा अन्नाचा होता. 2022-23 मध्ये तो सुमारे 39 टक्क्यांवर आला. पण त्या 39 टक्क्यांतील सर्वांत मोठा भाग धान्याचा नाही, डाळीचाही नाही. एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांहून अधिक भाग पेये, तयार खाद्यपदार्थ आणि बाहेरचे खाणे यांवर जातो. धान्यावर चार टक्क्यांहून कमी. म्हणजे पैसा पोत्यात नाही, पाकिटात जातो. असे असताना पैशाची ओढाताण झाली, की आपण प्रथम पातळ करतो ते वरण. पाकिटे तशीच राहतात, कारण मुले रडतात. आणि पातळ झालेले वरण घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीच्या वाटीत जाते. ती व्यक्ती कोण, हे मी सांगायला नको. अंडी-मांस न खाणाऱ्या घरात डाळ आणि दूध हाच प्रथिनांचा मुख्य आधार आहे. म्हणून बिल कितीही उतरवा. पण त्यासाठी डाळ आणि दूध यांना हात लावू नका. पाकिटापासून सुरुवात करा.

पाकीट वाचायला शिकणे हीही एक बचत आहे. पूर्वी बिस्किटे, चहा, खाद्यतेल, पीठ अशा अनेक वस्तू ठरावीक वजनांतच बांधण्याचे बंधन होते. 2021 मध्ये आवेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती होऊन ते बंधन गेले. किंमत तीच ठेवून आतला माल थोडा कमी करणे त्यामुळे सोपे झाले. मात्र त्याच दुरुस्तीने वेष्टनावर एककाची किंमत छापणे बंधनकारक केले. एक किलोच्या आतील पाकिटावर ती दर ग्रॅमला दिलेली असते, मोठ्या पाकिटावर दर किलोला. ग्रॅमच्या किमतीला हजाराने गुणले की खरी तुलना होते. तेल घेताना एक लिटर म्हणजे एक किलो नव्हे, हे लक्षात असू द्या. एक लिटर तेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते. शिवाय 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, आगाऊ बांधून लेबल लावलेल्या धान्य, डाळी व पिठावर 5 टक्के वस्तू व सेवा कर आहे. सुट्या मालावर तो नाही. विश्वासाच्या दुकानातून निवडून घेतलेली सुटी डाळ म्हणूनच अनेकदा अधिक परवडते. सप्टेंबर 2025 मध्ये फरसाणावरील कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, हे खरे. पण कर उतरला म्हणून डबा मोठा करण्याचे कारण नाही.

आता भाजीविषयी. रत्नागिरीला भाजी बहुतांशी घाटमाथ्यावरून येते. पावसाळ्यात आंबा घाटात दरड आली की दुसऱ्या दिवशी भाव चढतात. या काळात कोबी-फ्लॉवरच्या मागे धावू नये. कोकणच्या परसात श्रावण-भाद्रपदात पडवळ, शिराळी, भेंडी, काकडी, भोपळा ही वेलावरची व झाडावरची फळभाजी भरपूर येते. जवळपासच्या गावांतील स्त्रिया ती पाटीत घेऊन विकायला बसतात. ही ना कंदमूळ, ना पालेभाजी. चातुर्मासाच्या नियमांत बसणारी आणि स्वस्त अशी भाजी आपल्या दारातच आहे. जून-जुलैत ती हाती येईपर्यंतचे आठवडे कडवे वाल, चवळी, कुळीथ यांवर काढता येतात. येथील शेतकरी भात कापल्यावर त्याच जमिनीत ही कडधान्ये घेतात. उन्हाळ्याच्या तोंडी नवा माल निघतो, तेव्हाच ती घ्यावीत. आपल्या आज्या आगोटीपूर्वी जी बेगमी करत, तिच्यामागे हेच गणित होते.

मात्र बेगमीलाही मर्यादा हवी. घाटावर वर्षाचा गहू भरून ठेवणे शहाणपणाचे असेल. समुद्राच्या दमट हवेत तेच पोते भाद्रपदापर्यंत पोरकिड्यांनी भरते. आपल्या घरात ही दुहेरी हानी आहे. धान्य वाया जाते ते जातेच, पण जीवहिंसेचा दोषही पदरी येतो. म्हणून कडधान्ये कडक उन्हात वाळवून, एरंडेलाचा हात लावून, घट्ट झाकणाच्या डब्यात आणि पावसाळ्यापुरतीच ठेवावीत. पिठाच्या कालमर्यादेचा जो नियम अनेक घरांत पाळला जातो, तोही थोडे दळा, ताजे वापरा, असेच सांगतो.

उरलेले चालत नाही, या नियमाचे खरे मोल येथे कळते. ज्या घरात उद्यासाठी काहीच ठेवता येत नाही, त्या घरात शिजवण्याचे माप अचूक असावे लागते. दुपारी पोळ्या उरल्याच तर त्याच दिवशी तव्यावर दाबून, कोरड्या होईपर्यंत भाजून त्यांचा खाकरा करावा. स्वयंपाकाला लागण्यापूर्वी कोण जेवायला आहे, कोणाचा उपवास, कोणाचे आयंबिल, एवढे विचारून घेतले तरी आठवड्याला एक-दोन वेळचे अन्न वाचते. ताट धुऊन ते पाणी पिण्याची आपल्याकडील चाल ज्यांनी जपली आहे, त्यांना अन्नाच्या कणाचे मोल मी वेगळे काय सांगणार!

एक सूचना विशेषतः व्यापारी बांधवांना. दिवाळीत आपण भक्तिभावाने वहीपूजन करतो, दुकानाचा पै-पैचा हिशेब ठेवतो. पण ज्यांचे स्वतःचे किराणा दुकान आहे, त्यांच्या घरी माल अनेकदा न लिहिता जातो. तेल संपले, डबा उचलला. पाहुणे आले, काजूचे पाकीट उचलले. त्या घराला आपला खर्च कधीच कळत नाही आणि दुकानालाही आपला नफा कळत नाही. घरी जाणारा माल घराच्या नावे लिहावा. त्यात परकेपणा नाही.

शेवटी, एकट्या घराला जे जमत नाही ते दहा घरांना जमते. 1972 नंतरच्या टंचाईच्या काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यापाठोपाठ 1975 मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिने शेजारच्या कुटुंबांचे छोटे संघ केले, सर्वांच्या मागण्या एकत्र केल्या, माल थेट घाऊक घेतला आणि वाटपाचे काम सभासदांनीच आळीपाळीने केले. दुकानाचे भाडे नाही, जाहिरात नाही. अशी पद्धत आपल्याही दहा-बारा कुटुंबांना डाळ, तांदूळ आणि तेल या तीनच वस्तूंपासून सुरू करता येईल, आणि माल आपल्याच समाजातील दुकानदाराकडून रोखीने, एकत्रित भावाने घेता येईल. ग्राहकाला भाव मिळेल, दुकानदाराला बंदीच्या महिन्यांत रोख मिळेल. असा संघ जमवण्यासाठी या वास्तूइतकी योग्य जागा दुसरी नाही.

भगिनींनो, फार काही करू नका. एक साधी वही घ्या. आठवड्याच्या आरंभी डबे उघडून पाहा, सात दिवसांचे जेवण लिहा, त्यावरून यादी करा आणि यादीसाठी रक्कम बाजूला काढा. डाळ व दुधाचे पैसे आधी वेगळे ठेवा. बाजार शक्यतो एकदाच करा, आणि आणलेल्या प्रत्येक पाकिटापुढे ‘ठरवून’ की ‘सहज’ एवढा एकच शब्द लिहा. चार आठवड्यांनी ‘सहज’ची बेरीज करा. पुढच्या महिन्यात काय सोडायचे, ते त्या बेरजेवरून आपल्याला कळेल. आणि बंधूंनो, ही वही वाचण्याचे काम आपण करा. लिहिणाऱ्या व्यक्तीच्या वाटीत पुरेसे वरण आहे ना, हेही त्याच वेळी पाहा.